लाल भुकटी, राखाडी भुकटी

शेजारच्या गच्चीवर आज मिरच्या पडल्या. सकाळी खिडकी उघडली तर समोर तीन जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यावर लालभडक ब्याडगी. सुनेनं ताबडतोब खिडकी लावून घेतली. तिला खोकला येतो. मिरच्या अजून नुसत्या उन्हात पडल्यात, भाजायला चार दिवस आहेत, पण तिला आधीच येतो. खिडक्या लावणाऱ्या बायकांवर बोलायचा अधिकार मी वीसेक वर्षांपूर्वी घालवून बसले आहे.

चटणीचा हंगाम म्हणजे आमच्याकडं फाल्गुनापासून वळवाच्या पावसापर्यंत. बाहेरच्यांना चटणी म्हटलं की खोबऱ्याची वाटते. आमची चटणी म्हणजे वर्षभराचा लाल मसाला, कांदा-लसणाचा, तो नसेल तर कोल्हापुरात चूल पेटवून उपयोग नाही. देठं खुडून बोटं जळतात, डोळ्याला चुकून हात लागला तर दिवस जातो. मग धणे, तीळ, खोबरं तेलावर भाजायचं, मिरच्या परतायच्या, डबे भरून डंकावर कांडायला न्यायचे. त्या दिवसांत अख्खी गल्ली शिंकत असते आणि कुणी कुणाला विचारत नाही.

तेव्हा आम्ही शिवाजी पेठेत राहत होतो. आमच्या गल्लीत दोन गोष्टींचा दरारा होता, एक तालमीच्या फुटबॉल टीमचा आणि दुसरा माझ्या चटणीचा. हे माझं मत. गल्लीला कुणी विचारलं नव्हतं. सोळा घरांची चटणी मी करायची, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कढईत, आणि कुणी म्हटलं की ‘वैनी, यंदा जरा तिखट कमी’, तर त्या घराशी पाडव्यापर्यंत बोलायची नाही. चाळिशी ओलांडलेली, पदर खोचलेली, जगातल्या सगळ्या भाज्या आपल्यावाचून अळणी राहतील असं समजणारी ती बाई. आज ती रस्त्यात भेटली तर मी तिच्याशी दोन मिनिटं बोलणार नाही.

त्या बाईच्या घरात सरकार आले.

मागच्या गल्लीत जहाजावरून निवृत्त झालेले एक इंजिनिअर होते. ते मुलीकडं परदेशी निघाले. त्यांच्याकडं आफ्रिकेतला राखाडी पोपट होता आणि आमचे हे रोज संध्याकाळी त्याच्याशी गप्पा मारायला जायचे. हे पाटबंधारे खात्यात कारकून. घरात बोलायचा कंटाळा, पण पाखराशी बोलायला दोन गल्ल्या तुडवायचे. एके दिवशी मी देवळातून येताना कोपऱ्यावर स्कूटर भेटली. मागच्या सीटवर पिंजरा बांधलेला. हे म्हणाले, ‘‘तू ये चालत, ह्याला वारं लागंल.’’ इथंच मला पुढचं सगळं कळायला हवं होतं.

पोपट म्हणजे हिरवा, डाळ खाणारा, देवाचं नाव घेणारा, एवढीच माझी कल्पना. हा कोळशाच्या वखारीत काम करून आल्यासारखा राखाडी, आणि शेपटीवर कुणीतरी कुंकवाचा करंडा उपडा केलेला. डोळे फिकट पिवळे. बघायचा तर असा, की मीच त्याच्या घरात भाड्यानं राहायला आले आहे. सांगितलेलं एकही काम करायचा नाही, म्हणून ह्यांनी नाव ठेवलं सरकार. ‘‘साठ वर्षं जगतंय म्हणं,’’ हे कौतुकानं म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हणजे हा मला पोचवूनच जाणार.

माझं माहेर म्हशींचं. मारक्या म्हशीला मी एकटी दावणीला बांधायची, तर मूठभर पाखराची काय भीती. पहिल्याच दिवशी केळ्याचा तुकडा घेऊन बोट आत घातलं. त्यानं केळं सोडलं आणि बोट धरलं. डाव्या हाताची तर्जनी, हाडापर्यंत. मी किंचाळले. हे धावत आले आणि पिंजऱ्यापाशी वाकून म्हणाले, ‘‘भ्यालास व्हय रं? भिऊ नगंस.’’ मी रक्त गळत उभी.

तिथून नऊ वर्षं आमचं वैर चाललं. मी त्याच्या पिंजऱ्यावर दुपारी चादर टाकायची, तो माझ्या अंगावर पेरूच्या बिया उडवायचा. मी ‘मेल्या’ म्हणायची, तो पाठ फिरवून बसायचा. त्याला एकट्याला ठेवलं की ओरडून गल्ली डोक्यावर घ्यायचा, म्हणून घरात कायम कुणीतरी लागायचं. हे ऑफिसात, पोरगं शाळेत. कुणीतरी म्हणजे मी. माहेरी जाणं सुटलं, लग्नकार्याला गेले तर आहेर करून अक्षता टाकून परत. त्याचाही राग त्याच्यावरच.

सगळ्यांचे आवाज तो काढायचा. कुकरची शिट्टी, स्कूटरची किक, दुधवाल्याची हाक. दाराच्या कडीचा आवाज तर इतका हुबेहूब, की मी आतून भाकरी थापता थापता ओरडायची, ‘‘आलासा का? किती येळ. भाकरी गार झाली.’’ कुणी आलेलं नसायचं. पाचदहा मिनिटांनी पुन्हा कडी. पुन्हा मी ‘‘आलासा का?’’ दिवसातून दहादहा वेळा त्यानं मला असं रिकाम्या दाराशी बोलायला लावलं आहे. पोरगं पुण्याला शिकायला गेलं, तर तिसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीतून त्याच्याच आवाजात ‘‘आई, भूक लागलीया.’’ माझ्या हातातली पळी आमटीत पडली. दिवाळीत पोरगं घरी आलं, त्याला म्हटलं ऐक तुझी नक्कल, तर सरकार चिडीचूप. पोरगं पुण्याला परत गेलं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘‘आई, भूक लागलीया.’’ मी म्हटलं, किती खोडसाळ असावं एखाद्यानं.

माझा आवाज मात्र त्यानं कधी काढला नाही. नऊ वर्षांत एकदा नाही. दिवसभर त्याच्यासमोर अखंड बोलणारी मी, आणि त्यातला एक शब्द त्याला उचलावासा वाटला नाही. हा अपमान मी नीट घडी घालून ठेवला होता.

आणि त्याची ती भुकटी. ह्या जातीच्या पोपटाच्या पिसांतून पांढुरकी राखाडी भुकटी झडते. त्यानं अंग झाडलं की उन्हाच्या तिरिपीत ढग उठायचा. टीव्हीवर, देवाच्या फोटोवर, वाळत घातलेल्या पापडांवर. सकाळी पुसायचं, दुपारी बोट फिरवलं की रेघ. हंगामात तर घरात दोन भुकट्या, माझी लाल आणि त्याची राखाडी. कढईत मिरच्या पडल्या की आम्ही सगळे ठसक्यानं बेजार, आणि हे महाराज पिंजऱ्यात एक पाय वर धरून अख्खी ब्याडगी कराकरा खाताहेत. पोपटाला तिखट लागत नाही. मला वाटायचं, मला चिडवायला खातो.

ह्यांचा खोकला वाढत चालला होता. जिना चढून आले की पायरीवर बसायचे.

‘‘तुझी चटणी हाय ही,’’ छाती चोळत म्हणायचे.

‘‘चटणी तुमची आई बी करत हुती. तवा न्हाई खोकला आला. त्या पाखराची राख हाय ती.’’

‘‘पाखरू काय कढईत परततंय व्हय?’’

‘‘मग मी काय पिसं झाडतो?’’

असं भांडण आम्ही दोन हंगाम पुरवलं. शेवटी ऐन चैत्रात छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ह्यांना नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला, घरात काय काय आहे ते विचारलं. हे आत शर्ट घालत होते तेव्हा मला म्हणाले, ‘‘ताई, पहिली ती मिरची भाजायची थांबवा. तीन-तीन महिने रोज तो धूर म्हणजे फार झालं. पक्ष्याची भुकटीही चांगली नाही, पण त्याला वर गच्चीवर वेगळं ठेवून बघता येईल. आधी मिरची.’’ मी म्हटलं, ‘‘व्हय.’’

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ह्यांनी विचारलं, ‘‘काय म्हणालं?’’

मी म्हटलं, ‘‘पाखरू.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय न्हाई.’’

खोटं बोलले असं मी बरीच वर्षं स्वतःला म्हटलं नाही. अर्धं बोलले, असं म्हणायची. सोळा घरांच्या मिरच्या गच्चीवर पडल्या होत्या, त्यातल्या नऊ घरांच्या अजून भाजायच्या होत्या. त्या बाईनं नवऱ्याची छाती आणि आपली कढई अशी दोन पारडी धरली आणि कढईचं खाली गेलं. ह्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. मग म्हणाले, ‘‘बरं.’’

हुपरीला, चांदीकामाच्या गावात, ह्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राची थोरली बहीण होती. एकटी राहायची, घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. ती म्हणाली, आणा. पुढच्या रविवारी मित्र स्कूटरवर मागं पिंजरा मांडीवर घेऊन बसला आणि सरकार निघाले. मी गेले नाही. मिरच्या उन्हात होत्या.

त्या दिवशी मी टीव्ही पुसला, देवाचे फोटो पुसले, पापड झटकले. संध्याकाळी बोट फिरवून पाहिलं. रेघ उठली नाही. मी जिंकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कढई ठेवली.

खोकला गेला नाही. उरलेला सगळा हंगाम हे खोकत होते आणि मी भाजत होते. ‘‘छातीत साठल्याली भुकटी हाय, निघायला येळ लागणारच,’’ मी त्यांना सांगायची, वर उलथन्यानं मिरच्या खालीवर करत. दर रविवारी हे स्कूटर काढून हुपरीला जायचे, दुपारी परतायचे. मी विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. एकदाच म्हणाले, ‘‘छातीवरची पिसं उपटून काढल्यात त्यानं. कोंबडीगत दिसाय लागलाय.’’ मी ताटात भाकरी वाढली. त्या बाईच्या मनात तेव्हा काय आलं होतं, ते मला पक्कं आठवतं. तिच्या मनात आलं, नाटकं करतंय.

श्रावणात हे डॉक्टरांकडं एकटेच गेले. परत आले, चपला काढल्या, खुर्चीवर बसले.

‘‘काय म्हणालं डॉक्टर?’’

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार नाही, चहाचा कप घेताना पाहतात तेवढंच. ‘‘तेच,’’ म्हणाले. ‘‘मागल्या टायमाला म्हणालते तेच.’’

बस. रात्री भाकरीबरोबर चटणी मागून घेतली, वर तेल घातलं, कालवली, खाल्ली. माझ्याशी भांडले असते तर मी जिंकले असते. माझी सगळी उत्तरं तयार होती. पण ते भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं, तेही खाल्लं. गप्प माणसाशी भांडण कसं करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आठ दिवसांत मी रडकुंडीला आले.

रविवारी त्यांचं अंग कसकसत होतं. मी म्हटलं, ‘‘ऱ्हावा घरात. मी जातो हुपरीला.’’

‘‘तू?’’

‘‘का, मला एस्टी घेत न्हाई व्हय?’’

पिशवीत जुनी चादर घेतली होती, पिंजऱ्यावर टाकायला. मनाशी ठरवलं होतं, कढई माळ्यावर टाकायची आणि त्याला गच्चीवरच्या खोलीत आणून ठेवायचं. म्हणजे मग मोकळेपणानं सांगता येईल. कबुली द्यायची तर हातात काहीतरी घेऊन द्यावी, असा त्या बाईचा हिशेब. रिकाम्या हातानं माफी मागायची तिला सवय नव्हती.

हुपरीत गल्लीबोळातून चांदीचा बारीक आवाज येत असतो, कुणीतरी दूरवर घुंगरं निवडत बसल्यासारखा. विचारत विचारत अक्काच्या दारात पोचले. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली.

आतून एक बाई खेकसली, ‘‘आलासा का? किती येळ. भाकरी गार झाली.’’

मी मागं वळून पाहिलं. माझ्या मागं कुणी बोललं असावं असं वाटलं. मग पुन्हा आतून, ‘‘आलासा का?’’ सगळ्या जगाचं ओझं आपल्याच डोक्यावर असल्यासारखा त्रासिक, चिरका, हक्काचा आवाज. कुणाची ही कजाग बाई, असं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. आणि मग ओळखला. माझाच होता तो.

अक्का दारात आली. उंच, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, बोटं चांदीनं काळी झालेली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसली. ‘‘तुम्हीच व्हय त्या. या की. तुमास्नी रोज ऐकतो मी. कडी वाजली की सुरू.’’

‘‘कवापासनं?’’

‘‘आला त्याच्या तिसऱ्या दिवसापासनं. तुमचं मालक येत्यात न्हवं, ते पैलं दारातच उभारत्यात. एकदा कडी वाजवत्यात. ऐकत्यात. मग परत वाजवत्यात.’’

मी तिथंच ओट्यावर बसले.

‘‘आमच्या घरात त्यानं माझा आवाज कधी काढला न्हाई,’’ मी म्हटलं.

‘‘माझा तरी कुटं काढतोय? मी समोरच हाय की.’’ अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. ‘‘जे जवळ न्हाई त्याला हाका मारतंय हे पाखरू. तुम्ही घरातच असणार सदा. तुमास्नी कशाला हाक मारंल?’’

तेव्हा मला पोराची ‘आई, भूक लागलीया’ आठवली. पुण्याला असताना काढलेली, दिवाळीत न काढलेली. जी गोष्ट मी खोडसाळपणा म्हणून मोजत होते, ती त्याची वाट बघणं होतं. आणि माझा आवाज नसणं हा अपमान नव्हता. मी त्या घरातून कधी गेलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. तसं बघायला गेलं तर मलाही कुणी हाक मारावी इतकी मी कधी लांब गेले नव्हते.

आत पिंजरा खिडकीशी होता. दार उघडंच. सरकार वरच्या दांडीवर बसलेले, छातीवर उघड्या कातडीतून नवे कोंब फुटायला लागलेले. अक्कानं हात पुढं केला, ‘‘बा तम्मा,’’ म्हणाली. कानडीत धाकट्या भावाला बोलावतात तसं. तो गुमान तिच्या मनगटावर येऊन बसला आणि तिच्या कानाशी चांदीच्या कड्यांसारखं किणकिणला. नऊ वर्षांत माझ्या मनगटावर तो एकदाही बसला नव्हता, आणि हिच्याकडं चार महिन्यांत भाऊ होऊन बसला होता. मला अक्काचा मनापासून राग आला. माफी मागायला आलेली बाई, पण राग यायचा तो आलाच.

मला पाहून तो एकदम गप्प झाला. मान तिरकी करून त्या पिवळ्या डोळ्यानं बघत राहिला. मी म्हटलं, ‘‘सरकार, चला घरी,’’ आणि बोट पुढं केलं.

डाव्या हाताची तर्जनी. तीच जागा.

अक्का हसून हसून भिंतीला टेकली. ‘‘वळखलं बघा,’’ म्हणाली. मग बोटावर हळद दाबताना, ‘‘न्हेणार असाल तर न्ह्या. तुमचाच हाय. पर पिसं आत्ता कुटं यायला लागल्यात.’’

आधी इंजिनिअरचं घर सुटलेलं, मग आमचं. तिसऱ्यांदा त्याचं घर मोडायची माझी छाती झाली नाही. चादर पिशवीतच राहिली. पिंजऱ्याकडं वळून मी ‘मेल्या’ म्हटलं आणि निघाले. कोपऱ्यावर पोचते न पोचते तोवर मागून माझाच आवाज आला.

घरी हे खाटेवर बसलेले. बोटाला चिंधी पाहिली आणि हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. पाणी दिलं. खोकला बसल्यावर मी म्हटलं, ‘‘डॉक्टर मिरची म्हणालते. आधी मिरची.’’

‘‘ठावं हाय.’’

‘‘मग बोलला का न्हाईसा?’’

‘‘बोललो असतो तर तू भाजायची थांबली असतीस,’’ हे म्हणाले, ‘‘आणि जन्मभर मला ऐकवलं असतंस. आता कुणाला ऐकवतीस?’’

तीस वर्षांच्या संसारात ते एकच भांडण त्यांनी जिंकलं, आणि तेही तोंड न उघडता.

कढई माळ्यावर गेली ती गेलीच. सोळा घरांनी आपापली सोय केली. पहिल्या वर्षी मला वाटलं, लोक येऊन रडतील. दोघी आल्या, एक माझी मोठी चाळण मागायला आणि दुसरी ‘बरं झालं वैनी, आता जरा बेताचं तिखट करता येईल’ असं सांगायला. गल्ली जेवत राहिली.

हे पुढं बरीच वर्षं जगले. छातीनं गेले नाहीत, हे आधीच सांगते, तुम्ही मनात काय म्हणताय ते मला कळतं. पण जिन्याच्या पायऱ्यांवर ते जितक्या वेळा बसले, त्यातल्या किती माझ्या नावावर, ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

सरकार आहेत. छाती भरून पिसं, अक्काचे गुडघे गेले, सरकारांचं काहीच गेलं नाही. मी दर वर्षी मिरच्या उन्हात पडल्या की एक दिवस हुपरीला जाते. सून विचारते, ह्या उन्हात कशाला. मी सांगते, अक्काला बघायला. अक्काला आता फोनवरही बघता येतं, पण सून सुज्ञ आहे, पुढं विचारत नाही.

घरात गेलं की तो बोलत नाही. मी समोर असते. म्हणून मी आधी बाहेरच उभी राहते, ओट्याखाली, डोक्यावर पदर घेऊन, आणि कडी वाजवते.

‘‘आलासा का? किती येळ. भाकरी गार झाली.’’

दोन मिनिटं बोलणार नाही म्हटलं होतं ना मी, तीच बाई. तसाच चिरका आवाज, तोच ताठा. ती अजून परातीपाशी बसली आहे, तिचा नवरा अजून वाटेत आहे, भाकरी नुकतीच गार झाली आहे. तिला अजून काहीच ठाऊक नाही. एकदा वाटलं होतं, दार ढकलून सांगावं, अगं, मिरची होती ती. पण दार ढकललं की ती गप्प होते.

मग हे करायचे तसंच करते. जरा थांबते, आणि परत कडी वाजवते.